भावोजींचा जिवाणू

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे एवढंच कळलं होतं की मुलगा पाण्याचं काम करतो. त्यामुळे लग्नातच शेजाऱ्यांनी नवरदेवाला कोपऱ्यात गाठून आपापल्या गळक्या नळांची गाऱ्हाणी सांगितली. भावोजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्याला वास येतो का? रंग कसा असतो?" नळ कुणाचाच दुरुस्त झाला नाही, पण दोघांकडून ते बाटलीभर पाणी मात्र घेऊन गेले. तेही लग्नाच्या कपड्यांत. मी तेव्हाच ताईच्या कानात म्हटलं होतं की माणूस सोन्यासारखा आहे, पण एखादा स्क्रू ढिला असावा. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. माझं मत अजून तेच आहे, दोन्ही बाबतींत.

भावोजी गावाबाहेरच्या तळ्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतात. ते शास्त्रज्ञ नाहीत. शास्त्रज्ञ म्हणजे तिथल्या मॅडम. भावोजी पाणी आणतात, गाळतात, नळ्या भरतात, यंत्रं पुसतात आणि कुणी नळ्या जागेवर ठेवल्या नाहीत की त्याच्याकडे नुसतं बघतात. तिथे त्यांना सगळे गाळणीकाका म्हणतात. माझं छपाईचं आणि झेरॉक्सचं दुकान प्रयोगशाळेच्या बरोबर समोर आहे. त्यांच्या नळ्यांवरची लेबलं मीच छापते. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये वर्षभर राहून न सुटणारं लेबल छापणं येरागबाळ्याचं काम नाही, हे जाता जाता सांगून ठेवते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भावोजी रबरी बूट घालून, दोरी बांधलेल्या बाटल्या घेऊन होडीत बसतात. तळ्यात आठ ठिकाणं ठरलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी वरचं पाणी, मधलं पाणी, तळाचं पाणी. बरोबर आणखी एक बाटली असते, तिच्यात प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी भरलेलं असतं. ती ते तळ्यावर नेतात, तिथे उघडतात, बंद करतात आणि परत आणतात. पुढे तळ्याच्या पाण्याचं जे जे करायचं ते सगळं याही पाण्याचं करतात. तळ्यावर घरून पाणी घेऊन जाणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. होडीवाला तर सुरुवातीला विचारायचा, "काका, कमी पडतंय का आमच्याकडे?"

"ही कोरी बाटली," भावोजींनी मला एकदा समजावलं होतं. "तळ्यात काय आहे ते बाकीच्या बाटल्या सांगतात. आपल्या हातांनी, आपल्या भांड्यांनी त्यात काय घातलं, ते ही सांगते."

घरीही हाच प्रकार. पाहुणे येणार असले की हा गृहस्थ आधी स्वतः बाहेर जातो, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारतो, बेल वाजवतो आणि आत येऊन घराला कसला वास येतो ते बघतो. ताई दार उघडून म्हणते, "या, बसा. कोण पाहिजे?" सव्वीस वर्षं ती हेच म्हणते आणि सव्वीस वर्षं दोघं हसतात. मला विचाराल तर यात हसण्यासारखं एकदाच होतं.

आधी भावोजी सूक्ष्मदर्शकातून जिवाणू मोजायचे. मोजून मोजून मान वाकडी झाली. मग कळलं की तळ्यातले बहुतेक जिवाणू असे हाती लागतच नाहीत. दिसतात सगळे सारखेच ठिपके, आणि काचेच्या ताटलीत खाऊ घालून वाढवायला गेलं तर शंभरातला एखादाच वाढतो, बाकीचे रुसून बसतात. म्हणून मॅडमनी जनुकांची पद्धत आणली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भावोजी पुन्हा विद्यार्थी झाले. त्यांच्या वर्गात त्यांच्यानंतरचा वयाने मोठा माणूस सव्वीस वर्षांचा होता. पहिला महिना ते रात्री जेवतानाही डाव्या अंगठ्याने हवा दाबून बघायचे, थेंबाचा शंभरावा भाग उचलणाऱ्या पिचकारीचं बटण दाबायची सवय व्हावी म्हणून. ताईने विचारलं, उजव्या अंगठ्याने का नाही? तर उजव्या हातात घास असतो.

पद्धत त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितली, म्हणून कळली. पाणी गाळायचं. गाळणी म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढी पांढरी चकती. जिवाणू तिच्यावर अडकतात. मग ते फोडून त्यांच्यातला डीएनए बाहेर काढायचा. प्रत्येक जिवाणूकडे एक ठरावीक जनुक असतोच असतो. समज, सगळ्यांनी एकच फॉर्म भरलाय, पण प्रत्येकाचं अक्षर वेगळं. त्या एका फॉर्मच्या यंत्रात लाखो झेरॉक्स काढायच्या आणि संगणकाला अक्षर वाचायला लावायचं. कोण कोण राहतं आणि गर्दीत कुणाचा वाटा किती, त्याची यादी मिळते.

"म्हणजे माझंच दुकान," मी म्हटलं.

"तुझ्या दुकानात चहा मिळतो, मेहुणीबाई. आमच्याकडे खायचं-प्यायचं नाव काढलं की हाकलतात."

तर गेल्या वर्षी या यादीत एक नवं अक्षर सापडलं. दोन वर्षांच्या जवळजवळ सगळ्या नमुन्यांत ते होतं, आणि जगभरातल्या नोंदींशी ताडून पाहिलं तर नीटसं कशाशीच जुळत नव्हतं. शिवाय एक गंमत होती. लव्हाळ्याजवळच्या गढूळ पाण्यात ते नावापुरतं, आणि तळ्याच्या मध्यभागी, थंडीतल्या नितळ पाण्यात भरपूर. मॅडम हरखल्या. स्वच्छ पाण्याची आवड असलेला नवा जिवाणू! तीन आठवड्यांवर मोठी परिषद होती. तिथे त्या हे जाहीर करणार होत्या आणि नावही सुचवणार होत्या. त्या स्वतः ताईच्या घरी आल्या, खुर्चीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षं काकांनी या तळ्याचं पाणी गाळलंय. जिवाणूला काकांचं आडनाव द्यायचं मी ठरवलंय."

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

बोलल्या त्या ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणते. वय वर्षं त्र्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून. त्या म्हणाल्या, "ह्यांचं आडनाव वीजबिलाशिवाय कुठे छापून आलं नाही हो कधी." आणि त्यांचे डोळे भरून आले. ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टपालवाल्याला थांबवून सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तोंड उघडं असतानाच सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईला दोनदा सांगितलं. मीही काही कमी नव्हते. मी सहा फुटी फलक करायला घेतला. मध्ये भावोजींचा फोटो, खाली लॅटिन शेपूट लावलेलं आडनाव, आणि बाजूला जिवाणू म्हणून एक गोंडस हिरवा गोळा. तो कसा दिसतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण तेव्हा सुचलं नाही.

फलकाचा मजकूर तपासायला भावोजी दुकानात आले आणि तिथेच सगळं बिनसलं.

एक गिऱ्हाईक माझ्याशी हुज्जत घालत होतं. त्याला रेघा मारलेले, बाकी मोकळे तक्ते हवे होते, दोनशे प्रती. प्रत्येक प्रतीवर वरच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका येत होता. यंत्राच्या ड्रमवर ओरखडा पडला होता, महिना झाला असेल. "अहो, तुमच्या मूळ कागदावरच असेल," मी ठोकून दिलं. धंदा करायचा तर तोंड चालवावं लागतं. गिऱ्हाईकाने मूळ कागद दाखवला. स्वच्छ होता. मी दुसरं शस्त्र काढलं. "महिनाभर पुस्तकंच्या पुस्तकं छापतेय यावर, कुणी तक्रार केली नाही."

"का नाही केली?" हे भावोजींनी विचारलं. ते स्टुलावर बसले होते.

"दाट मजकुरात कुठे दिसतोय तो? अक्षरांत लपून जातो. कागद मोकळा असला की डोळ्यात भरतो."

"पण असतो सगळ्या पानांवर?"

"असतोच की. ठिपका माझ्या यंत्रात आहे, त्याला कागदाशी काय देणंघेणं?"

भावोजी उठले. फलकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी चहा सांगितला होता, तो तसाच राहिला. रस्ता ओलांडताना सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ते परत आले. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी हळू आवाजात मला सगळं सांगितलं. मला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. गढूळ पाणी म्हणजे दाट मजकुराचं पान, त्यात जिवाणूंची गर्दी. नितळ पाणी म्हणजे मोकळं पान. नवा जिवाणू गढूळ पाण्यात कमी आणि नितळ पाण्यात जास्त दिसतो, तो त्याला स्वच्छता आवडते म्हणून नसेलही. तो सगळीकडे सारखाच पडत असेल. तळ्यात नाही, प्रयोगशाळेत.

"पण तुमच्या त्या कोऱ्या बाटल्या असतात ना? त्यात दिसला असता," मी म्हटलं.

भावोजी स्टुलावर बसले. "एका वेळी शहाण्णव नमुने वाचायला पाठवता येतात. या वेळी तळ्याचेच नमुने जास्त होते. त्या बाटल्यांचं पाणी गाळून भरलेल्या कोऱ्या नळ्यांची चाचणी आम्ही वरवर केली, काही दिसलं नाही. मॅडमनी विचारलं, काका, कोऱ्या नळ्या या वेळी राहू द्यायच्या का? आणि मी म्हटलं, राहू द्या." ते पुन्हा म्हणाले, "मी म्हटलं, राहू द्या."

जन्मभर ताक फुंकून प्यायलेला माणूस, आणि एकदा नेमकं दूध न बघता प्यायला. चोवीस कोऱ्या नळ्या फ्रीजरमध्ये तशाच पडून होत्या. त्यांच्याकडे दुसरं कुणी ढुंकून बघणार नव्हतं. परिषदेला अठरा दिवस होते.

मग मी जे बोलले ते लपवत नाही. मी म्हटलं, "भावोजी, गप्प बसा. तुम्हाला नक्की माहीत आहे का? नाही. नुसता संशय. माझ्या फुटक्या यंत्रावरून तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार? मावशींनी साऱ्या गावाला सांगितलंय. त्यांचं वय काय, त्यांना परत असा दिवस दिसणार आहे का?" मला खूप राग आला होता. त्यांच्यावर, त्या ठिपक्यावर, आणि ड्रम वेळेवर बदलला नाही म्हणून स्वतःवर. मी तर असंही म्हणाले की हे असलं शहाणपण तुम्हालाच लखलाभ, माझ्या ताईला आणि मावशींना त्याचा ताप कशाला.

भावोजी माझ्यावर कधी चिडत नाहीत, तेव्हाही चिडले नाहीत. म्हणाले, "अगं, कोरी नळी मीच ठेवली ना? उघडून बघायचीच नव्हती, तर ठेवली कशाला?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी ऐकलं, स्वतःच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. भावोजी बाहेर अर्धा तास नळ्यांची झाकणं लावत उभे होते. ती आधीच लावलेली होती. मग दार उघडलं आणि मॅडम म्हणाल्या, "काका, सगळ्या चोवीस काढा." बस, एवढंच.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत भावोजींनी घरातलं प्रत्येक घड्याळ लावून घेतलं, ताईच्या शिलाई मशीनला तीनदा तेल दिलं आणि सासूबाईंशी नजर मिळवणं टाळलं. सासूबाईंना कुणी काही बोललं नव्हतं. त्या रोज नवं गिऱ्हाईक गाठून बातमी सांगतच होत्या. खरं सांगते, भावोजी खोटे ठरावेत म्हणून मी मनात कुणाकुणाला हात जोडले.

भावोजी खरे ठरले. कोऱ्या नळ्यांत बाकी जवळजवळ काही नव्हतं, होता तो हाच. मग शोध सुरू झाला आणि तो सापडला तो अतिशुद्ध पाण्याच्या यंत्रात, ज्याच्या पाण्याने तिथली प्रत्येक बाटली आणि गाळणीचं प्रत्येक भांडं विसळलं जायचं. टाकीपासून तोटीकडे येणाऱ्या नळीला एक वळण होतं. त्या वळणात आतून पातळ, बुळबुळीत थर धरला होता. जिथे खायला काही नाही अशा पाण्यात हा पठ्ठ्या ऐटीत संसार थाटून बसला होता. ते यंत्र दर पंधरा दिवसांनी कोण साफ करत होतं? भावोजीच. तोटी चकचकीत, टाकी चकचकीत, वळणापर्यंत मात्र ब्रश पोहोचत नव्हता. आणि त्यावर कळस म्हणजे, शुद्ध पाण्याच्या यंत्रात राहणाऱ्या अशाच एका जिवाणूची नोंद दुसऱ्या एका प्रयोगशाळेने गेल्याच महिन्यात केली होती. त्याचं बारसंही उरकलं होतं.

त्या दिवशी ताईकडे मीही होते. भावोजींनी आईसमोर खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तळं, बाटली, नळी, वळण. काही वगळलं नाही.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे तो तळ्यात नव्हताच?"

"नाही, आई."

"तुझ्या नळीत होता."

"हो."

"आणि हे कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या."

"कुणी विचारलं होतं का तुला?"

"नाही."

सासूबाई उठल्या आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या. दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. ताई म्हणाली, वाईट वाटलंय त्यांना, वाटू दे. भावोजी मात्र पार खचले. मला म्हणाले, "तिला एकच गोष्ट द्यायची होती गं मला." मी फलकाची गुंडाळी करून दारामागे उभी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टपालवाला आला. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी जिन्यात होते, म्हणून कानांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "ते जिवाणूचं मी सांगितलं होतं ना, ते चुकीचं निघालं. चूक माझ्याच मुलाची. शोधलीही त्यानेच. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगून आला." टपालवाला म्हणाला, "बरं, आजी," आणि सहीसाठी कागद पुढे केला. मग त्या वरच्या मजल्यावर गेल्या, तेच सांगायला. दाताच्या डॉक्टरांकडे तर त्यासाठी मुद्दाम वेळ घेतली.

मॅडम परिषदेला गेल्या आणि ठरलेला विषय बाजूला ठेवून पाण्याच्या यंत्रातल्या वळणाबद्दल बोलल्या. तिथून परत आल्यावर, म्हणे, तीन प्रयोगशाळांनी घाबरून आपापली यंत्रं उघडली. दोन ठिकाणी वळणात बुळबुळ निघाली. भावोजींना याचा आनंद झाला की वाईट वाटलं, मला सांगता येत नाही. त्यांनी फक्त लांब दांड्याचा, वाकणारा एक ब्रश स्वतः तयार केला.

यानंतर महिन्याभराने मॅडमच्या अक्षरातली लेबलांची मागणी आली. नेहमीचीच: तळ्याच्या आठ जागा, खोली, तारीख. शेवटच्या रकान्यात इतकी वर्षं "कोरा नमुना" असं असायचं. ते खोडलं होतं आणि त्या जागी भावोजींचं आडनाव लिहिलं होतं. आडनाव आणि पुढे एक, आडनाव आणि पुढे दोन, असं अठ्ठेचाळीसपर्यंत. खाली शेरा होता: यापुढे कोऱ्या नळीला आमच्याकडे हेच म्हणायचं ठरलं आहे. पाठवायच्या नमुन्यांत तिची जागा आधी धरावी.

मला वाटलं गंमत असेल, म्हणून मी रस्ता ओलांडून विचारायला गेले. मॅडम संगणकासमोर होत्या, नव्या नमुन्यांचे आकडे आले होते. तळ्याची यादी त्यांनी उघडलीच नव्हती. त्या भावोजींचं आडनाव घेऊन पलीकडच्या मुलीला विचारत होत्या, "स्वच्छ आले का?" मुलगी म्हणाली, "स्वच्छ आहेत, मॅडम." मगच त्यांनी तळ्याची यादी उघडली. भावोजी कोपऱ्यात पाणी गाळत होते. कान लाल झाले होते त्यांचे.

दुकानात येऊन मी लेबलांचा कागद यंत्रात घातला. मग थांबले, तो बाहेर काढला आणि आधी एक कोरं पान काढून बघितलं. नव्या ड्रमवर ठिपका नव्हता. मग छपाई केली.

पहिली पट्टी मी सासूबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि ते बारीक अक्षर बोट ठेवून वाचलं. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, एक एक करत शेवटपर्यंत गेल्या.

"कुठे चिकटवतात हे?"

"कोऱ्या नळीवर, मावशी. जिच्यात काही सापडायला नको तिच्यावर."

त्यांनी पट्टी परत पहिल्यापासून वाचायला घेतली.

"मग बरोबर ठिकाणी लागलं," त्या म्हणाल्या.